साबुदाणा न चालणारा उपवास

उपवास म्हटला की आपल्या घरांतील स्वयंपाकाचे काम कमी न होता वाढते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शिंगाड्याचा शिरा, केळी, खजूर असा एकादशीचा थाट असतो. परंतु गेल्या वर्षी येथे छत्रपती संभाजीनगरात आमच्या घरी असा एक उपवास घडला, की ज्यात ह्यांपैकी एकही जिन्नस चालण्यासारखा नव्हता.

आमच्या वहिनींच्या हृदयात धातूची कृत्रिम झडप आहे. शस्त्रक्रियेस सहा वर्षे लोटल्यावर त्यांस बारीक ताप येऊ लागला. एका दवाखान्यात रक्त तपासण्यापूर्वीच अँटिबायॉटिक गोळ्या दिल्या गेल्या; त्यामुळे पुढे रक्तातील जंतू वाढवून पाहता काहीच हाती लागेना. ध्वनिलहरींनी हृदय पाहावे, तर धातूची सावली पडून झडपेच्या कडा नीट दिसेनात. झडपेस जंतू लागले असतील, तर उपचारावाचून जिवावर बेतणार. नसतील, तर कित्येक आठवड्यांच्या कडक औषधांचा भार व्यर्थ. अशा पेचात आम्ही सारे होतो.

तेव्हा डॉक्टरांनी पेट स्कॅन सुचविला. 'किरणोत्सर्गी' हा शब्द ऐकून आमच्या मातोश्री धास्तावल्या. डॉक्टरांनी त्यांस समजावून सांगितले, की फ्लोरीन-18 जोडलेली साखर अत्यल्प प्रमाणात शिरेतून देतात. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी साखर अधिक ओढतात, म्हणून ती जागा चित्रात उजळते. त्या द्रव्याचा जोर सुमारे 110 मिनिटांत निम्मा होतो. भारतात हे यंत्र प्रथम 2002 साली मुंबईच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आले. कृत्रिम झडपेच्या संसर्गाचा प्रमुख पुरावा म्हणून युरोपातील हृदयतज्ज्ञांनी ह्या तपासणीस 2015 साली मान्यता दिली.

अडचण एवढीच, की हृदयाचा स्नायूही साखर घेतो. तोच उजळला, तर लगतची झडप कशी ओळखावी? म्हणून त्यास स्निग्ध पदार्थांवर राहावयास लावावे लागते. आदल्या दिवशी भात, पोळी, दूध, फळे, साखर सारे वर्ज्य; पनीर, लोणी, तूप तेवढे चालते. पुढे बारा तासांहून अधिक काळ केवळ पाणी. साबुदाणा व बटाटा तर पिष्टमयच! मातोश्रींनी हे इतके मनावर घेतले, की साखरेचा डबा दिवसभर आपल्या उशाशी ठेवला.

चित्रात स्नायू शांत राहिला आणि झडपेच्या एका कडेस उजाळा स्पष्ट दिसला. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत जखम भरतानाही तसे दिसू शकते. परंतु येथे सहा वर्षे झाली होती, आणि ताप व इतर चिन्हेही जुळली. सहा आठवडे शिरेतून औषध चालले. आज वहिनी घरात पूर्ववत वावरत आहेत.

ज्यांच्या घरी कृत्रिम झडपेचे माणूस असेल, त्यांनी ताप आल्यास रक्त तपासणीस दिल्यावाचून अँटिबायॉटिक सुरू करू नये; त्याविषयी डॉक्टरांस आवर्जून विचारावे. स्कॅननंतर त्या दिवशी तान्ही मुले व गर्भवती स्त्रिया ह्यांपासून रुग्णाने दूर राहावे. मधुमेह असल्यास आधी सांगावे. आणि आहाराचा कागद, घरात जी व्यक्ती स्वयंपाक पाहते, तिच्याच हाती द्यावा.