आज किती किलोमीटर?

"गाडी ट्रकवर घाल आणि तू विमानाने जा. सहा तासांत पोचशील." बायकोचा सल्ला नेहमीप्रमाणे बरोबर होता आणि नेहमीप्रमाणे मी तो ऐकला नाही.

गोष्ट सप्टेंबर २०२३ मधली. क्लायंट सॅक्रामेंटोचा, प्रोजेक्ट सहा महिन्यांचं, आणि तिथे गाडी लागणारच होती. मुलीची शाळा सुरू झालेली, त्यामुळे त्या दोघी इथे न्यू जर्सीतच राहणार. १९९९ साली मी एमएस करायला या देशात आलो, तेव्हा आम्हा चार रूममेट्सनी ठरवलं होतं की एकदा तरी या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत गाडीने जायचं. मग नोकरी, ग्रीन कार्ड, घराचे हप्ते, मुलीचे क्लासेस... चौघे चार राज्यांत पांगलो. सत्तेचाळिसाव्या वर्षी संधी चालून आली, ती एकट्यालाच!

मंडळी, हे प्रवासवर्णन नाही हे आधीच सांगतो. मी ना यलोस्टोन पाहिलं, ना ग्रँड कॅनियन. मी पाहिला तो इंटरस्टेट ८०. आपल्या टीनेकपासून थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत, सुमारे २,९०० मैल, अकरा राज्यं. सहा दिवस तो रस्ता, मी आणि माझी जुनी कॅमरी. मागच्या सीटवर बायकोने दिलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी, विजेची किटली आणि झटपट उपम्याची पाकिटं.

पहिली फजिती पेनसिल्व्हेनियात झाली. न्यू जर्सीत स्वतः गॅस भरायला कायद्याने मनाई, त्यामुळे गाडीत बसून "फिल इट अप" म्हणायची सवय. पंपाशी जाऊन उभा राहिलो आणि पाच मिनिटं कोणी येईचना! शेवटी शेजारच्या आजीबाईंनी माझी नंबर प्लेट पाहिली, हसल्या आणि नळी कशी धरायची ते दाखवलं. क्लाउड मायग्रेशनचा कन्सल्टंट म्हणवून घेणाऱ्या माणसाची ही कथा!

एकट्याच्या प्रवासात खरं तर असंच सगळं असतं. गॅस, बाथरूम, कॉफी, पुन्हा बाथरूम. जेवायला गेलं की "हाऊ मेनी?" आणि आपण एक बोट वर करायचं. संध्याकाळी मोटेल, किटलीत उपमा. आयोवात वॉलकॉटला, जगातला सर्वांत मोठा ट्रक थांबा म्हणून प्रसिद्ध असलेल्या ठिकाणी थांबलो. तिथे ट्रकवाल्यांसाठी अंघोळीची सोय, कपडे धुवायची यंत्रं, अगदी दाताचा डॉक्टरसुद्धा. पण माझ्या लक्षात राहिला तो हेडफोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत, एकटाच जेवणारा ट्रक ड्रायव्हर. कारण मीही रोज संध्याकाळी तेच करत होतो.

आमचे अण्णा कराड डेपोला एसटीचे ड्रायव्हर. २००३ साली निवृत्त झाले. २०१९ मध्ये आई गेली, तेव्हापासून घरात एकटे. इकडे यायचं नावही काढत नाहीत. गेली कित्येक वर्षं माझा फोन रविवारी सकाळी नऊला, म्हणजे त्यांचे संध्याकाळचे साडेसहा. "जेवलास का? पोरगी बरी हाय? बरं, ठेवतो." पाच मिनिटांत आटोपायचं. माझं काम त्यांना समजायचं नाही आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, अशी माझी समजूत.

पहिल्या दिवशी टोलेडोजवळच्या मोटेलमधून रात्री साडेआठला सहज फोन लावला. कराडला सकाळचे सहा.

"किती झाले आज?"

"साडेपाचशे मैल."

"किलोमीटरमधी सांग."

"पावणेनऊशे."

पलीकडे क्षणभर शांतता. "एकट्यानं? आमच्यात येवढी ड्यूटी देत न्हाईत." आणि मग प्रश्नांची सरबत्ती. टायरला हवा किती? कूलंट बघितलंस का? घाट आहे का? रात्री चालवतोस का? माझ्या कामाबद्दल जे चोवीस वर्षांत झालं नव्हतं ते झालं. आम्ही अर्धा तास बोललो!

दुसऱ्या दिवशी आयोवातून पुन्हा साडेआठला फोन केला. इथे सेंट्रल टाइम, त्यामुळे त्यांचे सात वाजलेले. अण्णा तुळशीला पाणी घालत होते, रेडिओ चालू होता. आईची तुळस त्यांनी राखली आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

तिसरा दिवस नेब्रास्काचा. साडेचारशे मैलांचं हे राज्य आय-८० एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडतो. उजवी-डावीकडे मका, रस्त्याच्या सोबतीला प्लॅट नदी आणि युनियन पॅसिफिकच्या मैलभर लांब मालगाड्या. मैलाचे आकडे पश्चिमेकडून मोजलेले, त्यामुळे आपण जाऊ तसे कमी होत जातात. ३१२, ३११, ३१०... मेंढ्या मोजाव्यात तसे! दुपारी अडीचच्या सुमारास टायरखाली एकदम खर्रर्र आवाज झाला. रस्त्याच्या कडेला खाचा पाडलेल्या असतात, त्यावर माझी गाडी गेली होती. डोळा केव्हा लागला, मला माहीत नाही. पुढच्या रेस्ट एरियात गाडी उभी केली. हात थरथरत होते. सीट मागे टाकून चाळीस मिनिटं झोपलो.

बायकोला हे सांगायची माझी छाती नव्हती. संध्याकाळी अण्णांना सांगून टाकलं.

"किती वाजता लागला डोळा?" त्यांनी विचारलं.

"अडीच वाजता."

"बरं. जेव आन् झोप." फोन बंद.

चौथ्या दिवशी वायोमिंग. शायेन आणि लॅरमीच्या मधे ८,६४० फुटांवर या रस्त्याचा सर्वांत उंच भाग आहे, तिथे लिंकनचा मोठा पुतळा आहे. इथे हिवाळ्यात हिमवादळ आलं की रेल्वेच्या फाटकासारखी फाटकं पाडून चक्क हायवे बंद करतात. लॅरमीच्या बाजूला एका पंजाबी ढाब्यावर आल्याचा चहा मिळाला. तो पिताना मला कराडच्या स्टँडवरच्या कँटीनची आठवण आली.

रात्री रॉलिन्सहून फोन. माउंटन टाइममुळे कराडला आठ वाजलेले. अण्णा न्याहारी करत होते. आज त्यांनी किलोमीटर विचारले नाहीत.

"८८ साल आसंल. चिपळूणला मुक्कामी गाडी घिऊन गेलो हुतो. बदली ड्रायव्हर आलाच न्हाई म्हनून ड्यूटीवर ड्यूटी केलेली. पहाटे पोफळी सोडली, कुंभार्ली घाट चढाय लागलो. वळनावर माझा डोळा लागला. कंडक्टरनं घंटी मारली. एकच. एक घंटी म्हंजी गाडी थांबवायची. हाताला सवय, पायाला सवय. बिरेक दाबला तवा म्होरं दरी दिसत हुती. चाळीसएक मान्सं झोपलेली. कुनाला कायबी कळलं न्हाई."

"मग?"

"मग काय. कंडक्टर म्हनला, उतरा जरा, तोंड धुवा. त्यानं डेपोत सांगितलं न्हाई, मी तुझ्या आईला सांगितलं न्हाई. आज तुला सांगतोय." थोडं थांबून म्हणाले, "तुझ्यामागं घंटी माराय कोन हाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. १९८८ साली मी बारा वर्षांचा होतो. अण्णा ड्यूटीवरून आले की दिवसभर झोपतात आणि आपल्याला आवाज करू देत नाहीत, याचा मला राग यायचा.

फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "आता तुझ्यात आन् आमच्यात फरक किती?"

"साडेअकरा तास," मी सांगितलं.

पाचव्या दिवशी सॉल्ट लेक सिटी मागे पडलं. पुढे मिठाचं वाळवंट सुरू झालं. दोन्ही बाजूंना पांढरं सपाट, रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ. फोन एकदाच वाजला आणि थांबला. स्क्रीनवर 'अण्णा'. घड्याळात दुपारचे अडीच. म्हणजे कराडात रात्रीचे दोन!

भारतातून अवेळी आलेला फोन म्हणजे काय, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. पुढच्या रेस्ट एरियापर्यंतची ती काही मिनिटं कशी गेली ते माझं मलाच माहीत. गाडी थांबवून फोन लावला.

"अण्णा, काय झालं?"

"काय न्हाई. घंटी मारली. जागा हाईस न्हवं?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस रात्री दोनचा गजर लावून उठला होता. मी हो म्हणालो. "मग चल म्होरं," म्हणाले आणि झोपायला गेले. मी मात्र बराच वेळ त्या मिठाकडे बघत उभा राहिलो.

सहाव्या दिवशी नेवाडा आणि डॉनर खिंड ओलांडून सॅक्रामेंटोला पोचलो. रात्री साडेआठला, पॅसिफिक टाइमने, शेवटचा फोन केला. कराडला नऊ. पलीकडे मोठा गलका, हॉर्न, लाउडस्पीकरवर कुठल्याशा गाडीचा पुकारा.

"अण्णा, कुठे आहात?"

"स्टँडवर. रोजच आस्तो की नऊला. गाड्या बघत बसतो."

रोज! निवृत्तीनंतरची वीस वर्षं. आणि मला अण्णांच्या दिवसातला फक्त रविवार संध्याकाळचा साडेसहाचा तुकडा ठाऊक होता. मी एक-एक टाइम झोन ओलांडत गेलो तसा त्यांच्या सकाळीत एक-एक तास पुढे सरकलो. तुळस, न्याहारी, स्टँड. अमेरिका पाहायला निघालो होतो, पाहिली ती कराडची सकाळ.

लांबच्या प्रवासाला एकटे निघणाऱ्यांसाठी दोन अनुभवाचे बोल: दुपारी जड जेवू नका, आणि डोळा जड झाला तर पुढच्या एक्झिटची वाट पाहा पण पुढच्या शहराची पाहू नका. तिसरा बोल अण्णांचा आहे: घंटी मारणारं कुणीतरी असू द्या.

प्रोजेक्ट संपल्यावर परतताना मात्र बायकोचं ऐकलं. मी विमानाने आलो आणि गाडी ट्रकवर आली. अण्णा आठवडाभर नाराज होते. "चालती गाडी ट्रकवर घातलीस?"

आता फोन रविवारचाच करतो असं नाही. परवा रात्री साडेदहाला केला. त्यांची न्याहारी चालू होती.

"आज किती?"

"ऑफिसला जाऊन आलो, अण्णा. चाळीस मैल."

"म्हंजी चौसष्ट किलोमीटर," ते म्हणाले. हिशेब आता त्यांना सांगावा लागत नाही.