चोर सोडून संन्याशाला फाशी

प्रिय सॉफ्टआयआरक्यू,

पत्र उघडं लिहितोय, कारण तुझी तक्रार तुझ्यापर्यंत पोचतच नाही. सर्व्हर मंदावला की आधी डेटाबेसवाल्यांना फोन जातो, मग नेटवर्कवाल्यांना. तुझं नाव निघेपर्यंत रात्र सरलेली असते.

तू आलास ती गरज रास्त होती. नेटवर्क कार्डाने इंटरप्ट दिला की सीपीयूला हातातलं टाकून धावावं लागतं, आणि तेवढा वेळ त्या सीपीयूवर बाकीचे इंटरप्ट बंद. म्हणून लिनक्सने कामाची वाटणी केली: तातडीचं लगेच उरकायचं, उरलेलं ‘नंतर’वर टाकायचं. पूर्वी हे ‘नंतर’ बॉटम हाफ सांभाळत. सीपीयू कितीही असोत, अख्ख्या मशीनवर एका वेळी एकच बॉटम हाफ चालायचा. कर्नलच्या २.३ मालिकेत तू आलास आणि ही अडचण गेली. आज टायमर, पॅकेट पाठवणं, पॅकेट घेणं, डिस्क, आरसीयू अशी तुझी १० खाती आहेत.

पण या खात्यांना स्वतःचं घर नाही. इंटरप्ट संपता संपता, जी प्रोसेस अडवली तिच्याच मानगुटीवर बसून तू काम उरकतोस. तेव्हा कर्नल कोसळला तर ‘कॉम’पुढे नाव छापून येतं ते तिचं. एखादा गरीब पायथन प्रोग्राम. त्याचा गुन्हा एवढाच, की तो त्या क्षणी त्या सीपीयूवर होता. खाली कॉल ट्रेसमध्ये ‘आयआरक्यू’ची खूण असते. त्या खुणेच्या आत तू असतोस आणि बाहेर तो निरपराध. घाईत वाचणारा नावावर थांबतो आणि त्या प्रोग्रामची झडती सुरू होते.

कधी कधी तू बोलतोस, पण कोड्यात. लॉगमध्ये ‘नोहर्ट्झ’ने सुरू होणारी ओळ येते आणि शेवटी नुसतं ०८. हा बिटमास्क आहे. शून्यापासून मोजलं तर तिसरा बिट, म्हणजे पॅकेट घेण्याचं खातं. सीपीयू झोपायला निघाला आणि ते काम अजून पडूनच आहे, असा त्याचा अर्थ. मग ड्रायव्हर उघडायचा आणि कोणी इंटरप्टच्या बाहेरून, बॉटम हाफ (हे जुनं नाव आता तुझ्यासाठीच वापरतात) बंद न करताच ‘नापी शेड्यूल’ (पॅकेट घेण्यासाठी तुला हाक) केलंय का ते बघायचं. तिथून हाक मारली की तुझ्या नावाची खूण लागते, पण तुला उठवायला कोणी जात नाही.

अतिकामाचा प्रश्न वेगळा. सुमारे २ मिलिसेकंद किंवा १० फेऱ्या झाल्या की उरलेलं काम तू के-सॉफ्टआयआरक्यूडीकडे सोपवतोस. तो साधा थ्रेड, बाकीच्यांसारखा रांगेत उभा राहणारा. २०१६ साली एरिक ड्यूमाझे यांनी नियम आणला: तो जागा असेल तर सगळं त्यालाच करू द्या. पॅकेटांच्या पुरात प्रोग्रामलाही पाळी मिळावी, हा हेतू. पण टॅस्कलेटही (तुझ्याच एका खात्यातून चालणारी ड्रायव्हरांची छोटी कामं) त्याच रांगेत अडकले आणि यूएसबी टीव्ही ट्यूनरचा डेटा गळू लागला. जानेवारी २०१८ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी टॅस्कलेटना सूट दिली आणि २०२३ मध्ये मूळ नियमच मागे घेतला गेला. कोणाचं ‘नंतर’ किती उशिराचं चालेल, हे दर खात्याला वेगळं असतं. सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं की कोणाचा तरी बळी जातोच.

म्हणूनच तुझा तपास आकड्यांवर भागत नाही. ‘प्रॉक’मधली तुझी फाइल कुठल्या सीपीयूवर तू किती वेळा धावलास ते सांगते, किती वेळ रेंगाळलास ते नाही. त्यासाठी ट्रेसमधल्या तीन नोंदी लागतात: रेझ, एंट्री, एक्झिट. रेझ आणि एंट्रीमधलं अंतर वाढलं तर तुला कोणीतरी अडवून ठेवलंय. एंट्री आणि एक्झिटमधलं वाढलं तर तूच जागा अडवून बसलायस. वरून दोन्ही आजार सारखेच दिसतात, औषध मात्र उलटं. पहिल्यात बॉटम हाफ किंवा इंटरप्ट बंद करून बसलेला कोड शोधायचा. दुसऱ्यात तुझ्याच हँडलरचं काम कमी करायचं. तपास न करता औषध दिलं की रोग बळावतो.

तुला हाकलून द्या, असं माझं म्हणणं नाही. पण ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी तुझ्या खांद्यावर काम टाकण्याआधी स्वतःला विचारावं, की हे काम खरंच थांबू शकत नाही का. थांबू शकत असेल तर ते वर्कक्यूकडे किंवा थ्रेडेड इंटरप्टकडे द्यावं. तिथे काम थ्रेडमध्ये चालतं, झोपायची मुभा मिळते आणि ‘टॉप’मध्ये वेळ त्या थ्रेडच्याच नावावर पडतो. ‘नंतर करू’ म्हणणाऱ्याने ते कोण करणार आणि कोणाच्या वेळेत करणार, हेही त्याच ओळीत लिहावं. तेवढं झालं, तर रात्री दोनला निदान योग्य माणसाला फोन जाईल.

तुझा,
एक कर्नल इंजिनीअर