विळ्याला दाते, कोयतीला धार

1 ऑक्टोबर, खंडेनवमी
ओटीवर हत्यारे मांडली. कोयत्या, कुदळ, टिकाव, फाळ, भातकापणीचे विळे, स्वयंपाकघरातली विळी. धुऊन-पुसून हळदकुंकू लावले, झेंडू वाहिला. एवढ्या लोखंडात दाते दोनच ठिकाणी: विळ्यांना, आणि विळीच्या शेंड्यावरच्या खवणीला. बाकी सगळे साध्या धारेचे. पिढ्यानपिढ्या वापरून ठरलेली ही वाटणी आहे, तिच्यात काही अर्थ असणार.

6 ऑक्टोबर
हळवे भात कापायला घेतले. हातात वैभव विळा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा. वजनाला हलका, पाते अरुंद, आतल्या कडेला बारीक दाते, मुठीकडे झुकलेले. साध्या विळ्याला हिसका द्यावा लागतो. हिसक्याने लोंब्या हलतात आणि पिकलेला दाणा चिखलात गळतो. हा नुसता ओढायचा. मूठभर धाटे डाव्या हातात धरावीत, विळा बुडाशी न्यावा, ओढावा. करकर आवाज होतो आणि मूठ सुटून येते. जमिनीलगत कापता येते हा दुसरा फायदा. खोडकिड्याच्या अळ्या धसकटात दडून राहतात. धसकट जेवढे आखूड तेवढी त्यांची सोय कमी.

दाते का लागतात, ते धाट हातात घेतल्यावर कळते. भाताच्या काडीत सिलिका भरपूर, म्हणजे वाळूतलेच द्रव्य. साधी धार त्यावर घासून गुळगुळीत होते आणि काडीवरून सरकायला लागते. दात्यांची टोके झिजतात, पण दोन दात्यांमधली खोबण शाबूत राहते आणि कापत राहते. शिवाय ओढताना सगळा जोर टोकांवर एकवटतो.

9 ऑक्टोबर
परतीचा पाऊस. कापलेले भात झाकून ठेवले आणि पडवीत सहाण घेऊन बसलो. कोयती पाजवायला असा दिवस बरा.

आमची कोयती गावच्या लोहाराने ट्रकच्या जुन्या पाट्यातून घडवलेली आहे. पाते सहाणेवर थोडे कलते धरायचे, पाणी शिंपडत एकाच कलाने फिरवायचे. पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक लव लागली की समजायचे, धार कडेपर्यंत पोचली. मग बाजू बदलायची, लव मोडायची. शेवटी कातड्यावर दोन-चार हात. कुठलाही दगड चालतो. नदीतला गुळगुळीत गोटासुद्धा वेळेला कामी येतो.

दातेरी पात्याला हे लाड नाहीत. सपाट दगड फक्त टोकांना लागणार आणि ती बोथट करणार. खोबणीत उतरायला बारीक कानस किंवा गोल सळई हवी, आणि एकेक दाता वेगळा घासायचा धीर. शेजारचे आबा पडवीत डोकावले, म्हणाले, “इळा कशाला घासतोस? त्यो वरसाला नवा आनायचा.” मी कोयती घासत होतो, पण विळ्याचा हिशेब त्यांनी बरोबर सांगितला.

सहाणेच्या जाडेभरडेपणाचाही परिणाम असतो. खरबरीत दगडावरची धार भिंगाखाली पाहिली तर तिलाही सूक्ष्म दाते दिसतात. सुंभ, टोमॅटोची साल, काथ्या यांना ती चटकन धरते. आरशासारखी घोटलेली धार लाकूड तासायला छान, पण दोरावर घसरते. म्हणजे साध्या धारेचा मालक दगड बदलून थोडेफार दाते मागून घेऊ शकतो. दातेरी पात्याच्या मालकाला उलटा रस्ता नाही.

17 ऑक्टोबर, वसुबारस
पुतण्या पुण्याहून आला. खिशात घडीचा चाकू, चिमटीने अडकवलेला. पाते टोकाकडे साधे, मुठीकडे दातेरी. “काका, दोन्ही कामे एकात,” म्हणाला. चिमटीचे मला कौतुक वाटले. अमेरिकेत कोलोरॅडोच्या स्पायडर्को कंपनीने खिशाला अडकवायचा चिमटीचा चाकू 1981 मध्ये बाजारात आणला. आमच्याकडे कमरेच्या आकडीत कोयती त्याच्या कितीतरी आधीपासून अडकते आहे. हात मोकळे आणि हत्यार हाताशी, गरज तीच.

मग आकाशकंदिलाच्या कामट्या काढायला बसलो आणि चाकूची परीक्षा झाली. बांबू सोलताना जोर मुठीजवळ लागतो. अंगठा पाठीवर, पाते आपल्यापासून दूर ढकलायचे. नेमके तिथेच दाते. कामटी गुळगुळीत निघेना, खाचा पडू लागल्या. वर हे दाते एकाच बाजूने पाजलेले, त्यामुळे काप सरळ न जाता कलत होता. टोकाकडची साधी धार चांगली होती, पण तिथे जोर पोचत नाही. शेवटी कोयती घेतली.

कंदील बांधायला नायलॉनची दोरी तोडायची होती. तिथे मात्र त्याच्या दात्यांनी एका ओढीत काम केले. नावेवरच्या माणसाला, अपघातात अडकलेल्याचा पट्टा कापणाऱ्याला दाते हवेतच. पण त्यांना पुरे पाते दातेरी हवे, अर्धे नव्हे. विळी घडवणाऱ्याला हे कळले होते. खवणी त्याने शेंड्यावर वेगळी काढली. भाजी चिरायच्या धारेत दाते घुसवले नाहीत.

24 ऑक्टोबर
पुतण्या परत निघाला. जाताना कायद्याचे विचारत होता. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांचा उल्लेख आहे. घरगुती, शेतीची, वैज्ञानिक व औद्योगिक कामाची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. त्याचा चाकू लहानसा. तरी सणावारी, निवडणुकीला पोलिसांचे मनाई आदेश निघतात, तेव्हा छोटा चाकूही खिशात नको. विमानात तर हातातल्या सामानात चालतच नाही. बॅगेच्या तळाशी ठेव म्हटले.

5 नोव्हेंबर
गरवे भातही आवरत आले. विळ्याच्या मधल्या भागातले दाते आता बोटाला जेमतेम लागतात. पुढच्या हंगामाला नवा आणायचा. कोयतीचे काम मात्र आता सुरू होईल: राबासाठी कवळ तोडायची, कुंपणाच्या काठ्या तासायच्या, माडाच्या झावळ्या साफ करायच्या. यातल्या एकाही कामाला दाते नकोत.

पुतण्याचा फोन आला होता, दुसरा चाकू घ्यायचा म्हणतो. त्याला सांगितले: रोजच्या खिशासाठी साध्या धारेचाच घे, आणि त्याच खरेदीत एक दगडही घे. दोऱ्या, पट्टे, गवत हेच तुझे काम असेल तर पुरे दातेरी पाते घे आणि ते झिजले की बदल. अर्धे-अर्धे घेऊ नकोस.