नव्या वर्गाचे स्वागत

जून महिना मराठी विभागात आधी कागदांच्या रूपाने येतो. प्रवेशअर्ज, गुणवत्ता यादी, शुल्काच्या पावत्या आणि नव्या सत्राचे वेळापत्रक यांत विभागप्रमुखांचे दिवस सरतात. स्वागत समारंभाची तारीख ठरते, पाहुण्यांना पत्र जाते, गुलाबाची फुले सांगून ठेवली जातात. तथापि एम. ए.च्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्याचे स्वागत त्या समारंभात क्वचितच होते. तो वर्गात प्रथम तोंड उघडतो, तेव्हा ते होते अथवा कायमचे राहून जाते.

हा विद्यार्थी अनेकदा घरातील पहिलाच पदव्युत्तर विद्यार्थी असतो. घरी त्याने अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा झाडीबोली ऐकलेली असते; उत्तरपत्रिकेत त्याने प्रमाण मराठी लिहिलेली असते. ‘मराठी घेऊन पुढे काय करणार?’ हा प्रश्न पचवून तो आलेला असतो. आणि ज्या विषयावर त्याने विश्वास टाकला, त्याच विषयाच्या वर्गात त्याचा ‘ण’ आणि ‘न’ ऐकून कोठल्या तरी बाकावर हसू फुटते. शिक्षक हसत नाहीत, पण त्या हसण्याची दखलही घेत नाहीत. त्यानंतर तो विद्यार्थी हजेरीपुरताच बोलतो. दोन वर्षांनी पदवी घेऊन जातो, तेव्हा विभागाला त्याची सही ठाऊक असते. त्याचे बोलणे नव्हे.

याच वर्गात बहिणाबाई चौधरींची कविता शिकवली जाते. अक्षरओळख नसलेल्या या खानदेशी शेतकरी स्त्रीची गाणी घरच्याच माणसांनी ऐकून टिपली. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांचा संग्रह निघाला. २०१८ पासून जळगावचे विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते. जी बोली ग्रंथातून आली की अभ्यासविषय ठरते, तीच समोरच्या बाकावरून आली की दोष ठरावी, ही विसंगती अध्यापनाच्या मुळाशीच आहे. मराठी गद्याच्या आरंभीच्या ‘लीळाचरित्रा’मागेही ऐकण्याचेच परिश्रम आहेत. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या सहवासातील माणसांकडे जाऊन आठवणी मिळवल्या आणि सांगण्यात भेद आढळला तेथे तो भेदही राखला. संशोधनपद्धतीचा याहून जवळचा धडा या वर्गाला कोणता देणार?

अर्थात स्वागत म्हणजे सवलत नव्हे. प्रमाणलेखन न शिकवणे हा विद्यार्थ्याचा सन्मान नसून त्याची फसवणूक आहे. अर्ज, मुलाखत, प्रबंध या साऱ्या वाटा त्यावरूनच जातात. मात्र नियमांबरोबर नियमांचा इतिहासही त्याला मिळाला पाहिजे. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. प्रमाण भाषेला अशा तारखा आहेत, ती माणसांनी चर्चा करून ठरवलेली व्यवस्था आहे, हे कळल्यावर तीच दुरुस्ती अपमान वाटेनाशी होते.

यासाठी काही शिक्षक एक साधी रीत पाळतात. पहिल्या तासाला ते प्रत्येकाकडून एक पान लिहून घेतात : घरात वापरले जाणारे, छापील पुस्तकात न भेटलेले पाच शब्द, त्यांचा अर्थ आणि ते कोण, केव्हा वापरते. पेरणीचा, चुलीचा, विटीदांडूचा, रुसव्याचा शब्द त्यांतून वर येतो. मात्र ही पाने कपाटात पडून राहिली, तर तो आणखी एक समारंभच. ध्वनिविचार शिकवताना, बोलींच्या सीमा दाखवताना, ग्रामीण कादंबरीतील संवाद वाचताना ती पुन्हा उघडावी लागतात आणि ज्याने शब्द दिला त्यालाच तो उच्चारायला सांगावा लागतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. त्या अभिमानाची फलके अनेक ठिकाणी लागली. त्या भाषेचे वारस मात्र जूनमध्ये, भिजलेली पिशवी सांभाळत, विभागाच्या दारात उभे असतात आणि आत कोणत्या मराठीत बोलायचे याचा अंदाज घेत असतात. त्यांनी पहिले वाक्य उच्चारण्याआधी, ते कसे ऐकायचे हे विभागाने ठरवलेले असावे.