गाळणी

साहित्याच्या प्राध्यापकांनी यंत्राविषयी लिहू नये, असा एक अलिखित संकेत मराठीत रूढ आहे. लिहायचेच झाले तर 'यंत्रयुगा'विषयी लिहावे. यंत्रयुग म्हटले की मर्ढेकरांपासून सुरुवात करता येते. माणसाचे तुटलेपण, महानगर, संवेदनशीलता अशी नेहमीची स्थानके घेत दोन तासिका सहज निघतात आणि वर्गात कोणाच्याही हाताला वंगण लागत नाही. (मर्ढेकरांचे आडनाव ज्या मर्ढे गावावरून आले ते आमच्याच सातारा जिल्ह्यातले, हे आम्ही विद्यार्थ्यांना दरवर्षी अभिमानाने सांगतो, त्याचा कवितेशी काही संबंध नाही, हेही सांगतो.) प्रस्तुत लेखाचा विषय मात्र पुष्कळच लहान आहे : झाडे कापण्याच्या चेन-सॉ नावाच्या यंत्रातील हवेची गाळणी, ती मळते कशी, धुवायची कशी आणि टाकून केव्हा द्यायची.

आमचे घर उंब्रजला, तारळी जेथे कृष्णेस मिळते त्या गावी. महामार्गावरून जाणाऱ्यांस हे गाव चाफळचा फाटा म्हणून ठाऊक असते आणि भाविकांस समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एकाचे ठिकाण म्हणून. आम्ही दोघेही मराठीचे एम.ए., दोघेही महाविद्यालयात शिकवतो. मळा थोरले दादा पाहतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर नदीकडच्या बांधावर आडव्या झालेल्या बाभळी आणि करंज हलवता हलवता दादा मेटाकुटीस आले, आणि त्या हिवाळ्यात घरात चेन-सॉ आली. गावात तिला हे नाव नाही. 'मशीन' किंवा 'कटर' म्हणतात. ती चालवतात नाना, आणि त्यांच्या तोंडी ती नुसती 'ही' असते. नाना तरुणपणी एका वखारीत दोघांनी ओढायची मोठी करवत ओढत. एकाने ओढायची, दुसऱ्याने सोडायची. सोडणाऱ्याने रेटली तर पाते वाकते, हे त्यांनी आम्हांस एकदा हवेत हात चालवून दाखवले होते. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळीची करवत केली, तीही धरायला दोन माणसे लागत. आता एकच माणूस पुरतो. दुसरा कुठे गेला, हा प्रश्न आम्ही नानांना अजून विचारलेला नाही.

यंत्राचे हे इंजिन टू-स्ट्रोक. पूर्ण वेगात मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेणारे. एक लिटर पेट्रोल नीट जळायचे तर साधारण नऊ हजार लिटर हवा आत यावी लागते. ही हवा यायची कुठून, तर जेथे साखळी लाकडाचा भुसा उडवीत असते तेथूनच. झाड कापणाऱ्या यंत्राला त्याच झाडाच्या चुऱ्यातून श्वास घ्यावा लागतो, ही त्याच्या रचनेतच असलेली अडचण होय. तिच्यावरचा उपाय म्हणजे मागच्या झाकणाखाली बसवलेली, तळहातावर मावेल एवढी गाळणी. नाना तिला 'जाळी' म्हणतात. दुकानात मात्र 'फिल्टर' मागावा लागतो. 'गाळणी' म्हणणारे बहुधा आम्हीच, आणि आमच्या घरात त्यावरून चहाचे विनोद होऊन गेलेले आहेत.

गाळणी साफ करताना नानांना पाहणे हा एक अनुभव आहे. यंत्र थंड होईपर्यंत ते हात लावत नाहीत. नंतर चोक बंद करतात, म्हणजे गाळणी काढल्यावर उघडे पडणारे कार्बोरेटरचे तोंड मिटते. झाकण काढण्याआधी जुन्या रंगाच्या ब्रशने भोवतालचा भुसा झाडतात. कारण झाकण उघडताना आत पडणारा कण हा गाळणीने वर्षभर अडवलेल्या कणांपेक्षा अधिक नुकसान करू शकतो. मग गाळणी काढून हलकेच तळहातावर आपटतात. तेवढ्याने भागले नाही तर कोमट पाण्यात साबण घालून बुडवतात, चोळत नाहीत, स्वच्छ पाण्यातून काढतात आणि सावलीत पूर्ण वाळू देतात. (ही रीत नायलॉनच्या जाळीची, कागदाच्या गाळणीला पाणी दाखवायचे नाही.) पंक्चरच्या दुकानात नेऊन 'हवा मारून' घेण्याची पद्धत गावात फार आहे. नानांचा त्याला विरोध नाही. पण हवा आतून बाहेर मारायची, तीही लांबून, असा त्यांचा दंडक आहे. बाहेरून आत मारली की भुसा जाळीत रुततो आणि जोर जास्त झाला तर जाळीच फाटते. शेवटी ते गाळणी उन्हाकडे धरून तिच्यातून पाहतात. सगळीकडून सारखा उजेड आला तर ती अजून चालेल. उजेड आलाच नाही तर पुन्हा धुवायची, आणि तरीही आला नाही तर बदलायची. एखाद्या ठिकाणाहून टोचल्यासारखा उजेड आला, तर तेथे भोक आहे; अशी गाळणी त्या क्षणी टाकून द्यायची. कडेचे रबर कडक झाले असेल तरीही तेच, कारण हवा सोपी वाट शोधते. कोंडलेली गाळणी फक्त यंत्राची ताकद खाते. फाटलेली गाळणी यंत्रच खाते. टू-स्ट्रोकमध्ये ही हवा तळातल्या बेअरिंगांवरून सिलिंडरपर्यंत जाते, आणि धूळ वाटेतल्या प्रत्येक गोष्टीला घासत जाते.

एवढे सविस्तर सांगण्याचे कारण निराळेच आहे. गेल्या उन्हाळ्यात यंत्राने मान टाकायला सुरुवात केली. वेग दिला की अडखळायचे, काळा धूर सोडायचे, पेट्रोलही जास्त पिऊ लागले. दादांनी ते दुरुस्तीला दिले. दुकानदाराने झाकण उघडलेच नाही. कार्बोरेटरचा स्क्रू थोडा फिरवला, पेट्रोल कमी केले, यंत्र पुन्हा झकास चालू लागले. महिन्याभराने पुन्हा तीच तक्रार, पुन्हा स्क्रू. हे तीनदा झाले. चौथ्यांदा नाना गावात होते. त्यांनी झाकण काढून गाळणी आमच्यासमोर धरली. भुसा आणि तेल यांचा असा थर बसला होता की ती लाकडाचीच वाटावी.

"हिचा दम कोंडलाय आन् तुमी स्क्रू फिरवताय," ते म्हणाले.

नवी गाळणी आणली होतीच. पण नानांनी ती लगेच बसवून यंत्र चालवू दिले नाही. आधी स्क्रू मूळ जागी आणला. आम्ही कारण विचारले, आणि त्यांनी जे सांगितले ते आम्हांस अजून पुरते सोडत नाही. हवा कोंडली म्हणून पेट्रोल घटवत नेले होते. म्हणजे यंत्र त्या घाणीशी जुळवून घेऊन चालत होते. आता अचानक स्वच्छ गाळणी बसवली तर हवा भरपूर आणि पेट्रोल अपुरे. या इंजिनाचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल घटले की वंगणही घटते, यंत्र तापते, आणि पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. दुरुस्ती नव्या यंत्राच्या किमतीकडे जाते. घाणीत मेले नसते ते यंत्र स्वच्छ हवेत मेले असते.

नाना हे बोलत असताना दोनदा खोकले. तो खोकला आमच्या ओळखीचा आहे. ते बांधावर आहेत की नाही हे आम्ही त्याच्यावरूनच ओळखतो. यंत्रापाशी काम करताना ते नाकातोंडावर टॉवेल गुंडाळतात, तो विणीचा, मोठ्या छिद्रांचा. चहाच्या वेळी त्याच टॉवेलाने तोंड पुसतात. लाकडाच्या धुळीचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला. त्यामागचा पुरावा मुख्यतः फर्निचरच्या कारखान्यांतून, बंद जागी काम करणाऱ्यांतून आलेला आहे. उघड्या रानातला चेन-सॉचा भुसा जाडसर असतो, त्यामुळे नानांच्या खोकल्यावर आम्ही निदान करू इच्छित नाही. पण त्यांनी तरुणपण काढले ती वखार बंद जागाच होती. डॉक्टरांकडे जाण्याविषयी बोललो तर उत्तर ठरलेले : "त्यो हायच. सवय झालीया." सवय म्हणजे तिसऱ्यांदा फिरवलेला स्क्रूच की, असे आमच्यातले एक जण त्या रात्री म्हणाले आणि दुसऱ्याने त्यावर काही म्हटले नाही.

नानांचा नातू आमच्याकडे द्वितीय वर्षाला आहे. रविवारी आजोबांबरोबर कामावर जातो. आंबा, फणस, चिंच, जांभूळ यांना परवानगीवाचून हात लावायचा नाही हे १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्याचे नाव न घेता त्याला पाठ आहे. साखळी दाताला दात धरून कशी कानसायची, झाड कोणत्या अंगाला पडेल, हे तो जाणतो. अंतर्गत परीक्षेसाठी 'मी पाहिलेले काम' हा निबंध होता. त्याने लिहिले ते असे की वृक्ष आपले मित्र आहेत, यंत्रयुगात मानव निसर्गापासून दुरावला आहे. अक्षर सुंदर, शुद्धलेखन निर्दोष. भुशाचा एक कणही नाही. त्याच्या दृष्टीने त्याने योग्यच केले होते : मराठीच्या वहीत काय चालते याचा अंदाज घेऊन, त्या मापाने, त्याने आपले पेट्रोल कमी केले होते. तो बनगरवाडी वाचतो, आणि कधी न पाहिलेल्या मोटेचे वर्णन आम्ही सांगितल्याप्रमाणे लिहून गुण मिळवतो.

येथून कृष्णेच्या खालच्या अंगाला, आजच्या सांगली जिल्ह्यात, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना आणला. लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे तेथे होत. १९२० मध्ये त्या कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' निघाले, ते गिऱ्हाइकांना यंत्रांची माहिती कळावी म्हणून. शं. वा. किर्लोस्करांच्या संपादनाखाली पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि त्याला वगळून मराठी कथेचा इतिहास लिहिता येत नाही. आम्ही हे शिकवताना 'खबर'चा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो, जणू मासिकाचे ते अवखळ बालपण होते. आम्हांस हल्ली वाटते की त्या एका वाक्यापाशी थोडे थांबावे. नांगराच्या फाळाविषयी कुणबी वाचकाला समजेल असे मराठी लिहिण्याची गरज ज्यांना पडली, त्यांच्याच हातून पुढे साहित्याला वाचक मिळाला. हा केवळ योगायोग होता असे मानायला आमचे मन तयार होत नाही. सिद्ध मात्र आम्ही करू शकत नाही.

नातवाला आम्ही निबंध परत दिला आणि गाळणी कशी धुतात तेवढेच लिहून आण, असे सांगितले. "ते मराठीत बसंल का, मॅडम?" त्याने विचारले. दीड पान आणले त्याने. त्यात 'चोक', 'रबर', 'हवा मारणे', 'दम कोंडणे' हे शब्द आहेत आणि एक वाक्य अपुरे सोडलेले आहे, आजोबांच्या टॉवेलाविषयीचे. त्याला किती गुण द्यावेत यावर आमच्यात मतभेद आहेत. एकाचे म्हणणे, अपुरे वाक्य पुरे करून घ्यावे. दुसऱ्याचे म्हणणे, त्याला हात लावू नये.

त्याच आठवड्यात साताऱ्याहून आम्ही धुळीपासून बचाव करणारे, नाकावर घट्ट बसणारे मास्क आणले, पाच नग. नानांना एक दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, दोऱ्या ताणून पाहिल्या, आणि मग सवयीने उन्हाकडे धरला.

"ह्यातनं उजेड येत न्हाई, सर," ते म्हणाले. "ह्याचा दम आधीच कोंडलाय की."

नातवाने मास्क त्यांच्या हातून घेतला, स्वतःच्या तोंडावर बसवला, आणि दोन मोठे श्वास घेऊन दाखवले.