हरिहरेश्वरचे कडे आणि पाऊणपटीचा हिशेब

आपण जालनेकर समुद्रापासून फार दूर राहतो. म्हणून समुद्रकड्यांचे आपल्याला अप्रूप. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात, हरिहरेश्वरच्या देवळामागे असे कडे उभे आहेत. पाषाण मात्र परका नाही. आपल्या विहिरी खोदताना लागतो तोच हा काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांतून घडलेला. लाटा त्याच्या भेगांत शिरून दगड सैल करतात. खाऱ्या तुषारांतील मिठाचे स्फटिक त्याचे कण उचकटतात. त्यातून कड्यांवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी उमटते आणि कडा मागे सरत गेला की पायथ्याशी सपाट खडक उरतो.

प्रदक्षिणेचा मार्ग याच खडकावरून जातो. पेशव्यांचे मूळ गाव श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर हे त्यांचे कुलदैवत. पहिल्या बाजीरावांनी १७२३ मध्ये देवळाचा जीर्णोद्धार केला, असे सांगतात. देवळामागच्या पायऱ्या दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून थेट समुद्राशी उतरतात. ओहोटीला तेथून चालता येते. भरतीला वाट पाण्याखाली जाते.

म्हणून निघण्यापूर्वी पंचांग उघडावे. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास येते आणि तीही उधाणाची. अभिषेक आटोपून आपण प्रदक्षिणेला निघतो, नेमकी तीच ही वेळ! तेव्हा पर्वणीपेक्षा ओहोटीची सकाळ निवडावी आणि अखेरचा शब्द स्थानिकांचा मानावा. पावसाळ्यात हा मार्ग टाळावाच.

आता थोडे वैद्यकीय. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे अधिक जड जाते. शेवाळलेल्या खडकावर एकदा पाय घसरला, की उतारवयात खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. सोबत्याने उतरताना एक पायरी पुढे, खाली राहावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी दर्शनाच्या रांगेत उभे राहू नये. साखर एकाएकी उतरते. उपवास करायचाच असेल, तर औषधांविषयी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी बसल्या जागेवरून सावकाश उठावे.

माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन मी तेथे गेलो, तेव्हा हा हिशेब मला ठाऊक नव्हता. दुपारी पायऱ्यांच्या माथ्यावरून पाहिले, तर खाली लाटा फटीत घुसत होत्या. एवढ्या लांब येऊन परतायचे? मी घुटमळलो. आई मात्र शांतपणे म्हणाली, "अरे, देवळात जागच्या जागी फिरले तरी प्रदक्षिणा होते." मग तिने देवासमोर, माझा हात धरून, स्वतःभोवती एक फेरी घेतली.

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना कडे अवश्य दाखवा. पण माथ्यावरूनच परतण्याची वेळ आली, तर यात्रा अपुरी राहिली असे त्यांना वाटू देऊ नका. समुद्र दिवसातून दोनदा वाट मोकळी करतो. मोडलेले खुब्याचे हाड तसे सहज सांधत नाही.