बिऱ्हाड पाठीवर

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आजवर अस्थिर मनुष्यास लावीत. आतां मात्र तें बिऱ्हाड लोक हौसेनें विकत घेतात. पिकप गाडीच्या हौद्यावर पक्क्या भिंतींची खोली बसवितात. तींत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी आणि छपरावर सौर पॅनेल. महाराष्ट्र सरकारनेंही २०२१ सालीं फिरत्या घरांसाठीं कॅरॅव्हान पर्यटनाचें धोरण आखलें. वाकडच्या आमच्या घरीं चिरंजीवांनीं असें वाहन घेण्याचें ठरविलें व आम्हां उभयतांस सोबत येण्याचा आग्रह धरिला.

आम्हीं हिशेब मांडिला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो भार. तिघांस दररोज वीस लिटर धरिलें, तर शंभर लिटरची टाकी पांच दिवसांत रिती होते. परंतु भरलेली असतां तिचे शंभर किलो गाडीच्या भारक्षमतेंतूनच वजा होतात. कापडी भिंती हलक्या खऱ्या. पण सह्याद्रीच्या पावसांत पक्क्याच हव्यात, आणि त्या जड. शिवाय ढग दाटले, कीं वीजही मंदावते. म्हणजे स्वतंत्र म्हणविणारें हें घर मेघांच्या व पाणवठ्याच्या अधीनच!

तेव्हां उरतें सामान कमी करणें. पतंजलींनीं अपरिग्रह यमांत गणिला आहे. येथें तो वजनकांटाच शिकवितो. सौभाग्यवतींनीं तांब्याची घागर बाजूस ठेविली, आम्हीं कोशग्रंथ. चार वस्त्रें, औषधांची डबी व एक गीता, एवढ्यांत संसार मावला. ज्या सामानाच्या राखणीसाठीं आजवर दोघांपैकीं एकास घरीं राहावें लागे, तें ह्या खेपेस एकटेंच राहील.